दोन नोकऱ्या आणि एक दाढ

त्या शनिवारी कारी लुंडीन डाव्या गालावर गोठलेल्या मटारची पिशवी दाबून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर दोन पाकिटं होती. दोन्ही एकाच कोर्टातून आलेली, दोन्हींवर राज्याचं तेच बोधचिन्ह, आणि दोन्हींत एकेका नोकरीची परीक्षा. तिचे वडील, ऑर्विल, ओव्हनमध्ये हॉटडिशचं, म्हणजे बटाटे-खिम्याच्या थरांचं, भांडं सरकवत होते. त्यांनी आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या, आणि बिघाड एका वाक्यात सांगता आला नाही तर तो सांगणाऱ्याला कळलेलाच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "यातली चांगली कोणती?"

"तेच तर कळत नाही ना बाबा. वरच्या मजल्यावर जज हॅव्हरकँपकडे क्लर्कची जागा आहे."

"एवढं कायद्याचं शिकून क्लर्क?"

"दुकानातला क्लर्क नव्हे हो. जजचा लॉ क्लर्क. त्यांच्या चेंबरमध्ये बसायचं, खटले वाचायचे, निकालाचे मसुदे लिहायचे. नोकरी एकच वर्षाची, पण मान मोठा. अमक्या जजकडे क्लर्क होते, असं जन्मभर सांगता येतं. मोठमोठ्या फर्म स्वतःहून बोलावतात म्हणे."

"आणि दुसरी?"

"ती तळघरात. स्टाफ अटर्नी. एका जजची माणसं नाहीत ती, सगळ्या कोर्टाची. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे हाताने लिहिलेले अर्ज वाचायचे आणि जजलोकांना टिपण लिहून द्यायचं. आपलं नाव कुठेच येत नाही. पण नोकरी कायमची."

"विमा?"

"तळघरात दातांसकट, पहिल्या दिवसापासून. वर एक वर्षाच्या माणसाला दातांचा देत नाहीत."

ऑर्विलनी ओव्हनचं दार लावलं. "मग परीक्षा कसली देतेस? लागला की निकाल."

त्यांचं चूक नव्हतं. कारीची दाढ मधोमध तडकली होती. डेंटिस्टने नुसतं डोकावून खर्चाचा अंदाज सांगितला, तेव्हा तिने तोंड मिटलं ते मिटलंच. ती वकील होती. म्हणजे परीक्षा पास झालेली, शपथ घेतलेली, शिक्षणाच्या कर्जासकट वकील. काम मात्र एका गोदामवजा हॉलमध्ये बसून, भांडणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या ई-मेल वाचण्याचं. पगार तासावर, विमा नाही, आणि कंपन्यांनी समेट केला की दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. दोन माणसांत समेट झाल्याचं ऐकून दुसरं काम शोधायला लागावं अशी ती नोकरी होती.

तिने जजसाहेबांचं पाकीट फोडलं. वर त्यांच्या सेक्रेटरीची, जोलीनची, चिठ्ठी होती: सोबतच्या टिपणातले दोष दाखवा, निर्दयपणे, जजसाहेबांना गोड बोलणारी माणसं चालत नाहीत. दुसऱ्या पाकिटात तळघराच्या प्रमुख मर्ना डूली यांनी लिहिलं होतं: या मसुद्याची चिरफाड करावी, हातचं राखू नये. दोन्ही कागदांवर नावं काळ्या शाईने खोडलेली होती.

दोन्हींत प्रकरण एकच होतं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगातल्या एका कैद्याची दाढ दुखत होती. तो डेंटिस्ट मागत होता, तुरुंगवाले त्याला मिठाचं पाणी देत होते. शेवटी त्याने कोर्टात दाद मागितली होती. दुसऱ्या कुणाला इथेच संशय आला असता. पण कारीने वकिलीच्या सनदेची बार परीक्षा दिलेली होती. त्या परीक्षेत असंच एक रचलेलं प्रकरण देतात, खोटी नावं, खोटं राज्य, आणि चुका मुद्दाम पेरलेल्या असतात. जो जास्त चुका वेचील तो पास. वकील झालेल्या माणसाच्या अंगातून ती सवय पुढे कधी जात नाही. कोर्टाने परीक्षेसाठी एक प्रकरण रचलं असणार आणि दोन्ही खात्यांनी तेच वापरलं असणार, असं तिने धरून टाकलं.

शिवाय कागद इतके भयंकर होते की ते कुणी मनापासून लिहिले असतील हे कुणालाही पटलं नसतं. जजसाहेबांनी पाठवलेल्या टिपणात म्हटलं होतं की अर्ज पेन्सिलीने लिहिलेला आहे, नियम शाईचा आहे, सबब अर्ज फेटाळावा. हे सांगायला पानंच्या पानं खर्ची घातली होती. मर्नाबाईंनी पाठवलेला मसुदा निकालाचा होता, त्यात पेन्सिलीचा उल्लेखच नव्हता. तो थेट तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शिरला होता आणि त्या काळी कैद्यांचे दात कुणी बघत नसे, सबब अर्ज फेटाळावा, असं म्हणून बाहेर आला होता.

"काय खुबीने चुका पेरल्यात," कारी कौतुकाने म्हणाली, आणि दाढेत कळ आली तशी लिहायला बसली. टिपणावर तिने लिहिलं: 'लेखकाची पेन्सिलीवर जेवढी नजर आहे तेवढी माणसावर नाही.' मसुद्यावर लिहिलं: 'तेराव्या शतकातल्या कैद्याबद्दल लेखकाला फार कळवळा आहे. तो कैदी मेला. हा जिवंत आहे आणि याची दाढ दुखते आहे.' आणि दोन्हींच्या शेवटी, दाढ ठणकत असल्यामुळे, एकच वाक्य आलं: 'याला डेंटिस्टकडे न्या, दुखण्याला शाईची अट नसते.'

जजसाहेबांचा फोन बुधवारी आला. कारी गोदामाच्या बोळात उभी राहून उजव्या बाजूने सँडविच चावत होती.

"मिस लुंडीन, तुमचं लिखाण वाचलं," जज हॅव्हरकँप म्हणाले. "पेन्सिलीचं वाक्य मी आमच्या सौभाग्यवतींनाही वाचून दाखवलं. तुम्ही आमच्याकडे या."

अशा वेळी काय म्हणायचं हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. जजने विचारलं की त्याच श्वासात 'हो' म्हणायचं. 'विचार करते' म्हणणं म्हणजे 'नाही' म्हणणं, आणि जजला 'नाही' म्हटलेला माणूस पुढे त्या गावात वकिली करत नाही. कारीला हे सगळं पाठ होतं. पण नेमका पावाचा कडक तुकडा डावीकडे सरकला.

"जजसाहेब," ती डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "दातांचं काही असतं का?"

"कोणाच्या दातांचं?"

"माझ्या."

"इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही."

"मला शुक्रवारपर्यंत वेळ मिळाला तर—"

"लोक मला शुक्रवार मागत नाहीत, मिस लुंडीन." मग त्यांना पेन्सिल आठवली असावी. "ठीक आहे. शुक्रवारी दुपारच्या जेवणापर्यंत."

कोटाच्या खिशात फोन ठेवेपर्यंत तो पुन्हा वाजला. मर्नाबाईंचा आवाज अगदी घरगुती होता. "अगं, मी तुलाच घेणार. आमच्याकडे खिडकी नाही, पण वाफेचे पाइप जातात ना, त्यामुळे थंडी वाजत नाही. येतेस का?"

"बाई, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्याल? दुसरीकडूनही विचारलंय."

"कुणी विचारलंय?"

कारीला खोटं बोलता येत नसे. वकिलीत ती मागे पडण्याचं तेही एक कारण होतं. "जज हॅव्हरकँपनी."

मर्नाबाई इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "त्यांच्याकडे जाणार तू? ज्यांचा निकाल उभा-आडवा फाडून ठेवलास त्यांच्याकडे?"

कारीच्या हातातलं सँडविच खाली पडलं. "तो मसुदा खरा होता?"

"मग काय, मी बसून रचला? तेरावं शतक मला सुचेल का? दर शुक्रवारी सगळे जज एकत्र जेवतात ना, तिथे तुझी ती चिरफाड मी मुख्य न्यायाधीशबाईंच्या हातात ठेवणार आहे. तुझ्या नावासकट. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे."

कारीच्या मनात एक भयंकर शंका आली. "बाई, सहज विचारते. पेन्सिलीने लिहिलेला अर्ज चालतो का हो?"

"बिलकुल नाही," मर्नाबाई म्हणाल्या. "मी जन्मभर हेच सांगत आलेय."

कारीने घाबऱ्या घाबऱ्या जोलीनला फोन लावला आणि आपलं लिखाण परत मागितलं. जोलीन म्हणाली, "आता कुठलं परत, बयो. साहेबांनी त्याच्या प्रती काढून ठेवल्यात. शुक्रवारी जेवताना सगळ्या जजलोकांच्या ताटांशेजारी ठेवायच्यात. मर्नाची अशी जिरवायची संधी ते कधीपासून शोधत होते."

"पण त्यांचं भांडण कशावरून आहे? अर्ज फेटाळा असंच दोघंही म्हणतात ना?"

"त्यात कुठे भांडण आहे? भांडण आहे कारणावरून. साहेब म्हणतात इतिहास, ती म्हणते पेन्सिल. ते प्रकरण हिवाळाभर तसंच पडून आहे. दोघं एका लिफ्टमध्येसुद्धा चढत नाहीत."

संध्याकाळी तिने हे सगळं वडिलांना सांगितलं. ऑर्विलनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे त्या माणसाला डेंटिस्ट द्यायचा नाही, यावर दोघांचं एकमत?"

"हो."

"आणि तो?"

"तो आहे तिथेच."

ऑर्विलनी हॉटडिशमधले बटाटे एका बाजूला सारले. मग म्हणाले, "तुला मनातून कुठे जायचंय?"

कारीला हा प्रश्न नको होता, कारण त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. तिला वर जायचं होतं. जजसाहेबांच्या चेंबरची तळ्याकडे उघडणारी खिडकी हवी होती. वर्गातली तिच्याहून लहान मुलं कुठल्या कुठे गेली होती, आणि ती अजून दुसऱ्यांच्या ई-मेल वाचत होती. एकदा तरी कुणीतरी मोठ्या माणसाने चारचौघांत आपलं नाव घ्यावं, एवढीच तिची हाव होती, आणि या वयात ती हाव अजून जिवंत आहे याची तिला लाज वाटत होती. वडिलांना ती एवढंच म्हणाली, "दाढ तळघरात जायचं म्हणतेय."

"दाढेचं ऐक," ऑर्विल म्हणाले. "ती तुझ्यापेक्षा व्यवहारी आहे."

ठरलं. शुक्रवारी सकाळी, कुणी जेवायला बसायच्या आत, मर्नाबाईंना जाऊन 'हो' म्हणायचं, पेन्सिलीच्या टिपणावर काय लिहिलं ते आपणच सांगून टाकायचं, हात जोडायचे, आणि दोन्ही लिखाणं टेबलावर येण्याआधी परत घ्यायची. बेत चांगला होता. फक्त शुक्रवारी सकाळी गाडी सुरू झाली नाही.

या गावात हिवाळ्यात गाडीच्या इंजिनालाही रात्रभर विजेची ऊब लागते. त्यासाठी गॅरेजमध्ये वायर ठेवलेली असते. ती वायर काढून ऑर्विलनी तिथे जुना फ्रीझर जोडला होता.

"बाबा, फ्रीझर कशाला लावलात?"

"तुझे मटार नीट गोठत नव्हते, पोरी," ऑर्विल म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की तिला रागावताही येईना. आयुष्यभर गावातली पोरं वेळेवर शाळेत पोचवणारा माणूस बॉनेट उघडून कडाक्याच्या थंडीत खटपट करत राहिला. गाडी सुरू झाली तेव्हा सकाळ संपली होती.

कोर्टाच्या वरच्या मजल्यावर जोलीन बोळातच उभी होती. आतून जेवणाच्या बश्या गोळा केल्याचा आवाज येत होता.

"झालं?" कारीने विचारलं.

"झालं. दोघं एकाच वेळी उठून उभे राहिले. साहेबांनी डावीकडून वाटायला सुरुवात केली, मर्नाने उजवीकडून. मुख्य बाई मधोमध, त्यांच्यासमोर दोन्ही आली. त्यांनी दोन्हींवरचं नाव वाचलं, मग चष्मा पुसला, मग पुन्हा वाचलं."

"आणि मग?"

"मग म्हणाल्या, या मुलीचं बरोबर आहे आणि तुम्हा दोघांचं डोकं ठिकाणावर नाही. हिने लिहिलंय तसा निकाल लिहा. आणि मग विचारलं, कोर्टाचे गुप्त मसुदे बाहेरच्या माणसाला दिले कुणी." जोलीनने आवाज खाली आणला. "त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं असेल. जा साहेबांच्या चेंबरमध्ये, तुलाच बोलावलंय."

मुख्य न्यायाधीशबाई म्हणाल्या होत्या, या मुलीचं बरोबर आहे. आपलं नाव घेतलं, तेही सगळ्या जजलोकांसमोर. चेंबरच्या दारापर्यंतच्या चार पावलांत कारीची दाढ अजिबात दुखली नाही.

आत जज हॅव्हरकँप आणि मर्ना डूली एकाच सोफ्यावर बसले होते. मध्ये कॉफी केकची बशी होती आणि मर्नाबाई जजसाहेबांसाठी तुकडा कापत होत्या.

"थोडा लहान दे, मर्ना," जजसाहेब म्हणाले. "बसा, मिस लुंडीन."

"मी खरंच समजले नव्हते की ते कागद खरे आहेत," कारी म्हणाली. "मला वाटलं परीक्षेसाठी—"

"म्हणजे तुम्हाला वाटलं की इतकं वाईट मुद्दाम लिहावं लागतं," जजसाहेब म्हणाले.

मर्नाबाईंनी मध्ये तोंड घातलं. "हे बघ, तुझं चुकलं असं कुणी म्हणत नाही. मुख्य बाई तर म्हणतात बरोबरच आहे. पण कोर्ट म्हणजे एक कुटुंब असतं गं. सकाळ-संध्याकाळ एकमेकांचं तोंड बघायचं असतं."

"तुमची दृष्टी तीक्ष्ण आहे," जजसाहेब म्हणाले. "चेंबरला जरा मऊ माणूस लागतो."

"तळघरालासुद्धा," मर्नाबाई म्हणाल्या.

"म्हणजे दोन्हीकडून नाही?"

दोघांनी एकदम मान हलवली. इतकी एकजूट त्या इमारतीने पूर्वी पाहिली नसेल. मग जजसाहेबांनी एक कागद पुढे सरकवला. जे मसुदे पाहिले त्याबद्दल, आणि त्यावर काय लिहिलं त्याबद्दल, कारी जन्मात कुठे अवाक्षर काढणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिने सही केली. जजला 'नाही' म्हणायचं नसतं.

"मग जागा कुणाला दिली?" तिने उठता उठता विचारलं.

"प्रेस्टन व्हिटकॉम म्हणून एक मुलगा आहे," जजसाहेब म्हणाले. "सालस आहे. त्याने टिपणात फक्त एक स्वल्पविराम सुचवला होता."

"आमच्याकडेही त्यालाच विचारलंय," मर्नाबाई जरा अवघडून म्हणाल्या. "निकालाच्या मसुद्यात त्याला काहीच खटकलं नाही. तो म्हणाला, विचार करायला सोमवारपर्यंत वेळ द्या."

"दिला?"

"दिला की. एवढी मोठी गोष्ट, माणसाने विचार करायला नको?"

कारी दारापर्यंत गेली आणि थांबली. "त्या माणसाच्या दाढेचं काय झालं?"

जजसाहेबांनी मर्नाबाईंकडे पाहिलं, मर्नाबाईंनी केकच्या सुरीकडे.

"ती त्याने स्वतःच उपटली म्हणतात," जजसाहेब म्हणाले. "नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास."

कारीच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. नुकतीच केलेली सही त्याच्या आड येत नव्हती. तरी ते तिने गिळलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते आठवलं की तिला स्वतःचाच संताप येत राहिला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा निकाल जाहीर झाला. कारी अजून गोदामातच होती; देवाच्या कृपेने कंपन्यांचं भांडण मिटलं नव्हतं. रविवारी ऑर्विलनी वर्तमानपत्र उघडलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. जज हॅव्हरकँप यांनी लिहिलेल्या निकालाचं राज्यभर कौतुक होत होतं. एका संपादकाने त्यातलं एक वाक्य चौकटीत छापलं होतं: 'दुखण्याला शाईची अट नसते.' हे साधं, माणुसकीचं वाक्य लिहिणाऱ्या जजसाहेबांना त्याने सलाम केला होता. जजसाहेबांनीही मोठ्या मनाने कोर्टाच्या स्टाफ अटर्नींचे आणि आपले नवे क्लर्क श्री. व्हिटकॉम यांचे आभार मानले होते.

"हे वाक्य तू या टेबलावर लिहिलंस," ऑर्विल म्हणाले. "मी हॉटडिश लावत होतो."

"बाबा, मी सही केलीय. मी काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे वरची नोकरीही तूच केलीस आणि खालचीही तूच केलीस." त्यांनी पान उलटलं. "पगार तेवढा राहिला."

गालावरची पिशवी कारीने दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली. ऑर्विल ओठ हलवत पुढचा मजकूर वाचत होते. निकालाने सगळ्या काउंटींना हुकूम केला होता की यापुढे तुरुंगातल्या कुणाचीही दाढ दुखली तर त्याला ताबडतोब, सरकारी खर्चाने, डेंटिस्टकडे न्यावं. त्यांनी तो भाग पुन्हा एकदा वाचला, बिघाड सापडल्यासारखे थांबले आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कारी, कोर्टाचा अवमान केला तर आत टाकतात ना?"

"टाकतात."

"मग?"

"तो केला मी, बाबा," कारी म्हणाली. "दोनदा, लेखी. काही उपयोग झाला नाही."